वारणेकाठचे वाटणीपत्र

पुणे-बंगळूर महामार्गाने कोल्हापूरकडे निघाले, की पेठ नाका आणि कामेरी मागे पडल्यावर वारणेचा पूल लागतो. अलीकडे सांगली जिल्हा, पलीकडे कोल्हापूर. दोन्ही तीरांवर तोच ऊस, तीच काळी जमीन, बोलण्याचा तोच ठसका. अलीकडच्या लेकी पलीकडे दिलेल्या, पलीकडच्या अलीकडे नांदणाऱ्या. तरीही जिल्ह्याची हद्द या पाण्यावर येऊन थांबते. ही हद्द मुळात इंग्रजांनी आखलेली नाही, स्वातंत्र्यानंतरच्या सरकारनेही नाही. शिवछत्रपतींच्या दोन नातवांनी चोवीस वर्षांच्या आपसांतल्या युद्धानंतर, 13 एप्रिल 1731 रोजी, ती कागदावर मान्य केली. त्या कागदाला वारणेचा तह म्हणतात.

सातारा-सांगलीच्या माणसाला प्रतापगडचा प्रसंग तोंडपाठ असतो. अजिंक्यताऱ्याचा औरंगजेबाने घातलेला वेढाही माहीत असतो. परक्याशी झालेली लढाई सांगताना छाती फुगते, म्हणून ती सांगितली जाते. मराठ्यांनी मराठ्यांशी केलेली लढाई मात्र ओझरती सांगून पुढे जायची रीत पडली आहे. खेडची लढाई एका ओळीत, वारणेचा तह दुसऱ्या ओळीत, आणि लगेच पहिल्या बाजीरावाची घोडदौड सुरू. त्या दोन ओळींच्या मध्ये एक अख्खी पिढी आपल्याच माणसांशी झुंजली, हे सुटून जाते.

वास्तविक या भागात भाऊबंदकी हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. बांध कोरला, विहिरीच्या पाण्याची पाळी चुकली, सातबाऱ्यावरचे एखादे नाव राहिले, की सख्खे चुलते तालुक्याच्या कोर्टात समोरासमोर उभे राहतात. सांगलीत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी 1909 मध्ये पेशवाईतल्या कलहावर नाटक लिहिले तेव्हा त्याचे नावच ‘भाऊबंदकी’ ठेवले. खाडिलकरांच्या नाटकातली भाऊबंदकी शनिवारवाड्यातली होती. त्याआधीची, त्याहून लांबलेली आणि राज्याचे दोन तुकडे करणारी भाऊबंदकी साताऱ्याच्या किल्ल्यापासून वारणेच्या काठापर्यंत पसरलेली होती. तिच्याकडे आज पुन्हा पाहायला हवे. बाजू घेण्यासाठी नव्हे, तर ती कशी मिटवली गेली हे समजून घेण्यासाठी.

1707 च्या आरंभी औरंगजेब अहमदनगरजवळ मेला. रायगड पडला तेव्हा, 1689 मध्ये, सात वर्षांचे शाहू आई येसूबाईंसह मोगलांच्या हाती लागले होते. जवळजवळ अठरा वर्षे ते मोगल छावणीत वाढले. औरंगजेबाचा मुलगा आज्जम दिल्लीच्या गादीसाठी उत्तरेकडे धावला आणि मे 1707 मध्ये त्याने शाहूंना सोडले. ही दया नव्हती. शाहू दक्षिणेत परतले की मराठे आपसांत लढतील, हा हिशेब त्यामागे होता. येसूबाईंना आणि घरच्या इतरांना ओलीस म्हणून मागे ठेवण्यात आले. माय-लेकांची पुन्हा भेट व्हायला 1719 साल उजाडले.

इकडे महाराणी ताराबाई राज्य चालवीत होत्या. राजाराम महाराज मार्च 1700 मध्ये सिंहगडावर वारले, तेव्हापासून सात वर्षे त्यांनी औरंगजेबाला दमवले होते. त्यांचे म्हणणे सरळ होते. संभाजी महाराजांच्या वेळचे राज्य रायगडाबरोबर गेले. आज जे उभे आहे ते राजाराम महाराजांनी आणि त्यांच्या माणसांनी नव्याने मिळवलेले, म्हणून त्यावर आपला मुलगा शिवाजी याचा हक्क. शाहूंचे म्हणणेही तितकेच सरळ होते: थोरल्या घराचा वारस मी, गादी माझी. दोन्ही बाजूंना खरेपणा होता. म्हणून तर सरदारांची झोप उडाली.

सचिव शंकराजी नारायण यांनी ताराबाईंच्या बाजूने शपथ घेतली होती. शाहू थोरल्या छत्रपतींचे नातू, त्यांच्यावरही शस्त्र धरवेना. दोन निष्ठांच्या कात्रीत सापडून त्यांनी भोरजवळच्या आंबवडे येथे जीव दिला. युद्धात मेलेल्यांची गणती होते. असे कात्रीत सापडून मेलेले त्या गणतीत येत नाहीत.

12 ऑक्टोबर 1707 रोजी भीमेच्या काठी खेड येथे, म्हणजे आजच्या राजगुरूनगरच्या परिसरात, दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. ताराबाईंनी सेनापती धनाजी जाधव आणि परशुराम त्रिंबक प्रतिनिधी यांना पाठवले होते. आलेले शाहू खरे की तोतया, याचीच चर्चा छावणीत चालली होती. धनाजींच्या पदरी असलेल्या बाळाजी विश्वनाथ यांनी आतून बोलणी केली, धनाजींची खात्री पटली आणि सेनापती शाहूंना जाऊन मिळाले. एकटे पडलेले परशुरामपंत हरले आणि साताऱ्याकडे हटले. मराठ्यांच्या इतिहासाला वळण देणारी ही लढाई, पण तिचा निकाल तलवारीआधी मनांत लागलेला होता.

साताऱ्याचा किल्ला परशुरामपंत देईनात. तेव्हा किल्ल्यावरचा हवालदार शेख मिरा याच्या बायकामुलांना वाईत पकडून तोफेच्या तोंडी देण्याची धमकी शाहूंच्या बाजूने दिली गेली. शेख मिराने परशुरामपंतांना कैद केले आणि दरवाजे उघडले. 12 जानेवारी 1708 रोजी शाहूंचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला. थोरल्या शाहूंविषयी या शहराला वाटणारा आदर योग्यच आहे. त्यांनीच हे शहर राजधानी म्हणून वसवले. पण त्या राजधानीचा दरवाजा बायकामुलांवर रोखलेल्या तोफेमुळे उघडला, हेही त्याच आदराने सांगितले गेले पाहिजे. आपसांतल्या युद्धात भल्या माणसाच्या हातूनही असे घडते.

ताराबाई पन्हाळ्याला गेल्या आणि तिथे दुसरी गादी उभी राहिली. 1714 मध्ये त्या गादीतही फूट पडली. राजाराम महाराजांच्या दुसऱ्या राणी राजसबाई यांनी आपला मुलगा संभाजी याला गादीवर बसवले आणि ताराबाई व त्यांचा मुलगा पन्हाळ्यावर कैदेत पडले. म्हणजे एका घराची दोन घरे झाली, आणि दुसऱ्या घरात पुन्हा दोन चुली पेटल्या.

या भांडणाची किंमत साताऱ्याने दिली, पन्हाळ्याने दिली आणि सगळ्यात जास्त राज्याने दिली. दोन धनी झाले की चाकराचा भाव वाढतो. जो सरदार आपल्याकडे राहील त्याला मुलूख तोडून द्यावा लागे, नाहीतर तो दुसऱ्या बाजूला जाई. धनाजींचा मुलगा चंद्रसेन जाधव 1711 मध्ये बाळाजी विश्वनाथांशी झालेल्या तंट्यावरून शाहूंना सोडून ताराबाईंकडे गेला आणि शेवटी निजामाच्या पदरी स्थिरावला. शिवछत्रपतींनी सरदारांना रोख पगार देण्यावर भर दिला होता, वतने तोडून देणे त्यांना मान्य नव्हते. आपसांतल्या युद्धात ही शिस्त टिकली नाही. पुढे सरंजामांची जी पद्धत रुजली आणि जिने राज्याचे सांधे खिळखिळे केले, तिचे एक मोठे मूळ या वर्षांत आहे.

घरांचीही तीच गत. खेडला शाहूंविरुद्ध उभे राहिलेले परशुरामपंत कोरेगाव तालुक्यातल्या किन्हईचे. पुढे शाहूंनी त्यांना सोडले, मानाने परत घेतले. त्यांचे पुत्र श्रीपतराव साताऱ्याचे प्रतिनिधी झाले. दुसरे पुत्र कृष्णाजी कोल्हापूरच्या बाजूला प्रतिनिधी झाले आणि विशाळगडाची जहागीर त्या शाखेकडे राहिली. एका बापाचे दोन मुलगे दोन छत्रपतींचे प्रतिनिधी. औंधचे घराणे आणि विशाळगडचे घराणे असे वेगळे का, याचे उत्तर या युद्धात आहे.

बाहेरच्यांना ही दुफळी हवीच होती. शाहू आणि ताराबाई दोघांचेही वकील दक्षिणेच्या सरदेशमुखीसाठी बादशहा बहादूरशहाकडे गेले तेव्हा, आधी तुमचा वारस कोण ते आपसांत ठरवा, अशा अर्थाचे उत्तर देऊन त्याने हात झटकले. 1727 मध्ये निजामाने तोच डाव अधिक चतुराईने टाकला. चौथाईवर हक्क सांगणारे दोन छत्रपती आहेत, पैसे नेमके कोणाला द्यायचे, असे म्हणत त्याने वसुली अडवली आणि कोल्हापूरच्या संभाजीराजांना आपल्या बाजूला ओढले. निजामाची फौज पुण्यात शिरली आणि तिथे संभाजीराजांना छत्रपती म्हणून मिरवण्यात आले. फेब्रुवारी 1728 मध्ये पालखेड येथे बाजीरावांनी निजामाला पाण्यावाचून कोंडले आणि मुंगी-शेवगावच्या तहात निजामाने संभाजीराजांना दिलेला हात काढून घेतला. पालखेडच्या विजयाची वर्णने आजही आवडीने वाचली जातात. पण निजाम पुण्यापर्यंत आला कसा, या प्रश्नाचे उत्तर वारणेच्या काठावर शोधावे लागते.

त्या काठावर, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याला, उदाजी चव्हाणांचे ठाणे होते. शिराळ्याचे नाव आज नागपंचमीमुळे सर्वदूर गेले आहे. अठराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ते उदाजींच्या धामधुमीमुळे साताऱ्याच्या दरबारात वारंवार निघत असे. निजामाचा आधार तुटल्यावर संभाजीराजांनी उदाजींना हाताशी धरले, वारणा ओलांडली आणि उत्तर तीरावर तळ दिला. बरोबर सारे सामानसुमान होते, राजघराण्यातल्या स्त्रिया होत्या आणि कैदेतल्या ताराबाईही होत्या. आसपासच्या मुलखात लुटालूट सुरू झाली. ज्या शेतकऱ्यांची पिके तुडवली गेली त्यांच्या दृष्टीने दोन्ही छत्रपती शिवछत्रपतींचेच नातू होते.

1730 च्या आरंभी श्रीपतराव प्रतिनिधींनी या तळावर अचानक छापा घातला. फौजेची दाणादाण उडाली. संभाजीराजे आणि उदाजी चव्हाण पन्हाळ्याकडे निसटले, तळ जसाच्या तसा हाती लागला आणि राजघराण्यातल्या स्त्रिया कैद झाल्या. त्यांत ताराबाई होत्या. खेडला ज्यांच्या फौजेविरुद्ध शाहूंनी पहिली लढाई जिंकली, त्या आता तेवीस वर्षांनी त्यांच्या हाती आल्या. पण शत्रूच्या सेनापती म्हणून नव्हे, शत्रूच्या कैदी म्हणून.

यानंतर जे झाले ते या सगळ्या हकीगतीतले सर्वांत मोलाचे आहे.

शाहूंनी त्या स्त्रियांचा मान राखला आणि त्यांना सन्मानाने परत पाठवण्याची तयारी दाखवली. ताराबाईंनी मात्र पन्हाळ्याची कैद आणि साताऱ्याची कैद यांत साताराच पसंत केला आणि त्या साताऱ्याच्या किल्ल्यावर राहिल्या. संभाजीराजे हरलेले होते, निजाम हात वर करून बसला होता. पन्हाळा घेऊन दुसरी गादी पुसून टाकण्याची वेळ याहून चांगली येणार नव्हती. शाहूंनी ते केले नाही. त्यांनी चुलतभावाला भेटीला बोलावले. फेब्रुवारी 1731 मध्ये कऱ्हाडजवळ जखिणवाडीला, आगाशिवच्या डोंगराच्या पायथ्याशी, दोघे भेटले. चोवीस वर्षे ज्यांच्या नावाने माणसे मेली, ते दोघे भाऊ तिथे एकमेकांच्या गळ्यात पडले. तिथून पुढची बोलणी एप्रिलात तहापर्यंत पोहोचली.

तहाची कलमे नऊ. वारणेच्या दक्षिणेचा मुलूख, ठाण्यांसह आणि किल्ल्यांसह, संभाजीराजांकडे. वारणा-कृष्णेच्या संगमापासून दक्षिण तीराने कृष्णा-तुंगभद्रेच्या संगमापर्यंतचा भागही त्यांचाच. तुंगभद्रेपासून रामेश्वरापर्यंत जे जिंकले जाईल त्यात निम्मे निम्मे. कोपबळ साताऱ्याला, त्याच्या बदल्यात रत्नागिरी कोल्हापूरला. कोकणात साळशीपासून अंकोल्यापर्यंतचा पट्टा कोल्हापूरचा. मिरज, तासगाव, अथणी यांच्यावरचा हक्क साताऱ्याकडे. वडगावचे ठाणे पाडून टाकायचे. एकाचा शत्रू तो दुसऱ्याचा शत्रू. आणि एकाचा चाकर दुसऱ्याने ठेवायचा नाही.

शेवटचे कलम वाचताना थांबावे. तह लिहिणाऱ्यांना दुखणे नेमके कुठे आहे हे कळले होते. चंद्रसेनासारखे सरदार आज इकडे, उद्या तिकडे जात होते म्हणूनच युद्ध चोवीस वर्षे लांबले. ती दारे बंद केल्याशिवाय हद्द आखून उपयोग नव्हता. वडगावचे ठाणे पाडण्याचे कलमही तसेच. वाद असलेले ठाणे तुझे की माझे, यावर पुन्हा डोकी फुटण्यापेक्षा ते कोणाचेच नको. गावात वाटणी करणाऱ्या जाणत्या पंचाने असाच निवाडा दिला असता.

हा तह बरोबरीचा नव्हता, हे लपवण्यात अर्थ नाही. कोल्हापूरचा वाटा लहान होता. संभाजीराजांना धाकटेपण पत्करावे लागले आणि मिरज-तासगावचा सुपीक मुलूख सोडावा लागला. जिंकणाऱ्याच्या हातात लेखणी होती. पण त्या लेखणीने हरलेल्याचे नाव पुसले नाही, त्याची गादी राहू दिली. 1848 मध्ये डलहौसीने साताऱ्याचे राज्य खालसा केले. कोल्हापूरची गादी 1949 मधल्या विलीनीकरणापर्यंत चालू राहिली. वारणेवर हरलेले राज्य जिंकलेल्या राज्यापेक्षा शंभर वर्षे जास्त टिकले आणि त्या गादीवर पुढे राजर्षी शाहू महाराज आले. 1730 मध्ये पन्हाळा घेऊन विषय संपवला असता, तर महाराष्ट्र कशाला मुकला असता याचा विचार यावरून करता येतो.

त्याच पंधरवड्यात दुसरीकडे काय घडले, तेही पाहावे. 1 एप्रिल 1731 रोजी गुजरातेत डभईला पेशवे बाजीराव आणि सेनापती त्रिंबकराव दाभाडे लढले. दोघेही शाहूंचेच चाकर. त्रिंबकराव मारले गेले. राजाच्या दोन प्रमुख माणसांतला तंटा बोलून मिटला नाही आणि सेनापती मेला. राजाचा आणि त्याच्या चुलतभावाचा त्याहून जुना तंटा बारा दिवसांनी कागदावर मिटला. नंतर शाहूंनी स्वतः उमाबाई दाभाडे यांचे सांत्वन केले, सेनापतिपद त्याच घरात ठेवले. पण गेलेला माणूस परत येत नाही. डभईची आठवण जितकी जिवंत आहे तितकी वारणेच्या तहाची नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

जगात दुसरीकडे अशा आठवणीचे काय करतात? दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबियात ऑक्टोबर 1899 मध्ये उदारमतवादी आणि सनातनी पक्षांत युद्ध पेटले. ते ‘हजार दिवसांचे युद्ध’ म्हणून ओळखले जाते. मे 1900 मध्ये बुकारामांगा शहराजवळ पालोनेग्रो येथे दोन्ही बाजू पंधरा दिवस झुंजल्या. बंदुका होत्याच, पण ऊस आणि झाडी तोडायचे कोयतेही माणसांवर चालले. मेलेल्यांच्या कवट्यांची जी रास नंतर रचली गेली तिचे छायाचित्र आजही त्या देशात ओळखले जाते. पालोनेग्रोनंतर उदारमतवादी उघड्या मैदानात पुन्हा तसे सावरले नाहीत, तरी युद्ध आणखी अडीच वर्षे रेंगाळले. त्याचे बळी सर्वसाधारणपणे एक लाखाच्या घरात धरले जातात.

ते मिटले नेरलांदिया नावाच्या केळीच्या मळ्यात, 24 ऑक्टोबर 1902 च्या तहाने, आणि पुढच्या महिन्यात ‘विस्कॉन्सिन’ या अमेरिकी युद्धनौकेवर झालेल्या दुसऱ्या तहाने. घरचे भांडण परक्याच्या बोटीवर जाऊन मिटवावे लागले. वर्षभरात, 3 नोव्हेंबर 1903 रोजी, थकलेल्या कोलंबियातून पनामा फुटून निघाला आणि कालव्याची जमीन अमेरिकेच्या हाती गेली. निजाम पुण्यात आला होता तो असाच. दोन भाऊ भांडतात तेव्हा तिसऱ्याला दारातून आत यायला परवानगी लागत नाही.

पण कोलंबियाने पुढे एक केले. गाब्रिएल गार्सिया मार्केसचे आजोबा या युद्धात उदारमतवाद्यांच्या बाजूने लढले होते. नातवाने त्यांच्याकडून ऐकलेल्या हकिगती मनात साठवल्या आणि 1967 च्या ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’ या कादंबरीत नेरलांदियाचा तह आणला. कर्नल औरेलियानो बुएंदिया या पात्राला त्या युद्धातले सेनानी राफाएल उरिबे उरिबे यांची छटा आहे. आज मराठी वाचकालाही नेरलांदिया हे नाव त्या कादंबरीमुळे ठाऊक असते. सातासमुद्रापलीकडच्या केळीच्या मळ्यातला तह माहीत, आणि कऱ्हाडजवळची जखिणवाडी कशासाठी आठवायची ते माहीत नाही, ही स्थिती बदलली पाहिजे.

वारणेच्या तहाने सगळी भांडणे संपली असे नाही. डिसेंबर 1749 मध्ये शाहू वारले आणि दोन वर्षांच्या आत साताऱ्याच्या परिसरातच पुन्हा रक्त सांडले. ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढे आणलेले रामराजे गादीवर बसले होते. पेशवे नानासाहेबांशी ते जुळवून घेऊ लागताच 24 नोव्हेंबर 1750 रोजी ताराबाईंनी त्यांना साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केले आणि गुजरातेतून दमाजी गायकवाडांना बोलावले. मार्च 1751 मध्ये दमाजींनी साताऱ्याच्या उत्तरेला निंब येथे पेशव्यांच्या बाजूच्या फौजेला हरवले. लगेच त्याच महिन्यात वेण्णेच्या काठी दमाजींचा पराभव झाला. निजामाच्या मुलखात गेलेल्या नानासाहेबांना मोहीम सोडून घाईने साताऱ्याला परतावे लागले. दमाजी कैद झाले आणि शेवटी निम्मा गुजरात पेशव्यांना देऊन सुटले. पुन्हा तेच: घर फुटले आणि सीमेवरची मोहीम अर्धी राहिली.

निंब म्हणजे आजचे लिंब. थोरल्या शाहूंच्या काळात, 1719 ते 1724 या वर्षांत, वीरूबाईंनी बांधलेली बारा मोटांची विहीर पाहायला सुट्टीच्या दिवशी तिथे गाड्यांची रांग लागते. विहिरीतला छोटा महाल, दगडातले वाघ, मोटांचे ओटे यांची छायाचित्रे सगळीकडे फिरतात. ज्या शिवारातून पर्यटक विहिरीकडे जातात त्या शिवारात मराठ्यांच्या दोन फौजा भिडल्या होत्या, हे जाणाऱ्याला कोणी सांगत नाही.

सांगली शहराची कथाही याच धाग्यातली आहे. मिरजेचे चिंतामणराव पटवर्धन आणि त्यांचे चुलते गंगाधरराव यांचे जमेना, तेव्हा चिंतामणरावांनी वेगळे होऊन 1801 मध्ये सांगलीला संस्थानाचे ठाणे केले. एका वाटणीतून गणपतीचे, नाटकाचे आणि हळदीचे शहर वाढले. उलट तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन 1799 मध्ये पट्टणकुडीला कोल्हापूरकरांशी लढताना पडले. याच मुलखात वेगळे होण्याच्या दोन्ही तऱ्हा पाहायला मिळतात: एक वाटणीची, एक रणाची.

नकाशाने मात्र वारणेचा शब्द राखला. ब्रिटिशांच्या काळात सातारा जिल्हा आणि कोल्हापूर संस्थान यांच्यामधली रेघ बरीचशी वारणेवरच राहिली. 1949 मध्ये संस्थाने विलीन झाल्यावर दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्याचे नाव सांगली पडले. शिराळा आणि वाळवा तालुक्यांच्या दक्षिणेची हद्द वारणा, हे शाळेतला मुलगा आजही भूगोलाच्या पुस्तकात पाठ करतो. तो इतिहास पाठ करतो आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

हे सांगायला काही जण कचरतात, आणि त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. ताराबाई की शाहू, हा प्रश्न निघाला की लगेच सातारा विरुद्ध कोल्हापूर असा रंग चढतो. पुढे पेशव्यांचे नाव आले की त्याला जातीचे वळण लागते. दोन्ही गाद्यांविषयी लोकांच्या मनात श्रद्धा आहे आणि त्या श्रद्धेला धक्का लागेल असे वाटते. पण या युद्धाची हकीगत जातीच्या चौकटीत बसतच नाही. खेडला धनाजी जाधव आणि परशुरामपंत एका फौजेतून आले आणि दोन वाटांनी गेले. शेख मिरा, शंकराजी नारायण, उदाजी चव्हाण, उमाबाई दाभाडे, दमाजी गायकवाड: प्रत्येक समाजाची माणसे प्रत्येक बाजूला होती आणि सगळ्यांनी काहीतरी गमावले. ही हकीगत झाकून ठेवली की अर्धवट ऐकलेले लोक तिचा वापर भांडण लावायला करतात. पुरावे समोर ठेवून नीट सांगितली, तर तसे करणे अवघड होते.

म्हणून काही गोष्टी करण्यासारख्या आहेत आणि त्यांना फार पैसा लागत नाही. जखिणवाडीला एक दगडी फलक असावा. त्यावर दोन भावांच्या भेटीची हकीगत पाच ओळींत लिहावी. लिंबच्या विहिरीजवळ 1751 च्या लढाईची माहिती असावी. वारणेच्या पुलाच्या दोन्ही तोंडांना तहाची तारीख असावी. कृष्णा आणि वारणा जिथे मिळतात त्या सांगलीजवळच्या हरिपूरला संगमेश्वराच्या दर्शनाला हजारो लोक येतात. तहाच्या कलमात ज्या संगमाचा उल्लेख आहे तो हाच, हे घाटावर लिहिलेले असावे. कऱ्हाड, सांगली आणि कोल्हापूरच्या महाविद्यालयांतल्या इतिहास विभागांनी मिळून तहाच्या कलमांचे सुबोध मराठीत एक छोटे पुस्तक काढावे. ते कोणा एका गादीच्या बाजूने नसावे.

साताऱ्याहून जेमतेम पाच किलोमीटरवर संगम माहुलीला कृष्णा आणि वेण्णा मिळतात. तिथे थोरल्या शाहूंची समाधी आहे, येसूबाईंची आहे, आणि डिसेंबर 1761 मध्ये वारलेल्या ताराबाईंचीही आहे. जन्मभर एकमेकांविरुद्ध उभे राहिलेले काकू आणि पुतण्या शेवटी एकाच घाटावर विसावले. या समाध्यांची निगा नीट राखली जावी, आणि तिथे येणाऱ्याला त्या तिघांचे एकमेकांशी नाते काय होते ते वाचायला मिळावे.

13 एप्रिल 2031 रोजी वारणेच्या तहाला 300 वर्षे पूर्ण होतील. त्या दिवशी शिराळा-वाळव्याची आणि पन्हाळा-शाहूवाडीची मुले नदीकाठी एकत्र बसून ती नऊ कलमे मोठ्याने वाचतील, एवढी तयारी सांगली, सातारा आणि कोल्हापूर या तिन्ही जिल्ह्यांनी आतापासून सुरू करावी.